गंगारामचा चहा आणि महाराजांचा हुकूम

रमजान सुरू झाला की इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये एक छोटासा बदल दिसतो. मगरिबची अजान जवळ आली की रोजेदार कामगाराची नजर घड्याळाकडे जाते आणि पलीकडच्या मागांवर उभा असलेला त्याचा सोबती, बहुतेक वेळा हिंदू, न सांगता त्याच्या मागांकडे सरकतो. खजूर तोंडात टाकायला, पाणी प्यायला आणि नमाजला मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात. कुठे मालक स्वतः केळी आणून ठेवतो, कुठे दिवाणजींच्या कपाळावर आठी पडते. ही पंधरा मिनिटे द्यायची की नाहीत, हे शेवटी ज्याच्या हातात शेड आहे त्याच्या मनावर असते.

माठ भरलेला आहे, घरात कोणी नाही, घसा कोरडा पडला आहे आणि तरीही हात पुढे जात नाही, एवढ्यात रोजाचा बराचसा अर्थ येतो. ज्याच्या हाताखाली माणसे काम करतात त्याच्यापुढेही असा भरलेला माठ रोज असतो. दुसऱ्याची भाकरी, दुसऱ्याची रजा, दुसऱ्याची इभ्रत त्याच्या हाताशी असते. इस्लामी परंपरेत अशा गोष्टीला अमानत म्हणतात. अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली ठेव. ती आपली नसते आणि तिचा हिशेब द्यायचा असतो. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात एक माणूस असा होऊन गेला, ज्याचा शब्द म्हणजे कायदा होता. त्याने हाताखालच्या माणसांसाठी ती सत्ता कशी वापरली, हे या महिन्यात आठवावे असे आहे. त्याचे आणि रमजानचे एक नातेही आहे. ते शेवटी येईल.

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई ते अगदी लहान असतानाच गेल्या. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब कोल्हापूर संस्थानचे रीजंट होते. तेही १८८६ साली वारले. त्याआधी दोन वर्षे, १७ मार्च १८८४ रोजी, यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. ही गादी कशी रिकामी झाली होती, ते विसरून चालत नाही. आधीचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना इंग्रजांनी वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. १८८३ च्या डिसेंबरात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर ते तिथेच मरण पावले. छत्रपती म्हणवणारा राजा आपल्याच पहारेकऱ्याच्या हातून मार खातो, हे ज्या गादीचे ताजे दुखणे होते तिच्यावर दहा वर्षांचे एक पोरके होत चाललेले मूल येऊन बसले. सत्तेच्या वर सत्ता असते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पुढची वर्षे राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली गेली. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला तेव्हा महाराजांना विसावे वर्ष पुरे व्हायचे होते. अंगाने धिप्पाड, कुस्तीचा आणि शिकारीचा नाद, घोड्यांची पारख. असा तरुण राजा चैनीत रमला असता तरी त्या काळी कोणाला नवल वाटले नसते.

कारभार हाती आला तेव्हा संस्थानच्या कचेऱ्यांत कोण बसले होते? सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. कारकुनांच्या सुमारे ५०० जागांत इतर जातींचे लोक जेमतेम दहा. हा कोणाचा कट होता असे मानायचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या लिहिणे-वाचणे ज्यांच्या घरात, दप्तरही त्यांच्याच घरात, असा तो मामला होता. कचेरी आपोआप बंद होत जाते. जागा निघाली की आतला माणूस आपल्या भाच्याला, मेहुण्याला बोलावतो. बाहेरचा कोणी चुकून आत आलाच तर त्याला काम कोणी समजावून सांगत नाही, आणि मग त्याला काम येत नाही असा शेरा मारायला सगळे मोकळे. आजही एखाद्या बँकेत, सूतगिरणीत, शाळेत हे चालते. फक्त जाती आणि आडनावे बदलतात, आणि त्यात मुसलमानांच्या संस्थाही मागे नाहीत.

सुरुवातीची वर्षे दुष्काळाने आणि प्लेगने खाल्ली. १८९६-९७ च्या दुष्काळात संस्थानाने स्वस्त धान्याची दुकाने काढली आणि रस्ते-तलावांची कामे सुरू केली. त्यातली एक गोष्ट आजच्या वाचकाला थांबवणारी आहे. दुष्काळी कामावर बाया यायच्या, त्यांची तान्ही मुले उन्हात पडून असायची. महाराजांनी कामाच्या जागी शिशुगृहे उघडली. मुलांना सांभाळायला माणसे ठेवली, दुधाची व्यवस्था केली. कामावर येणारी बाई आई म्हणूनही कामावर येते, हे त्या काळच्या कारभारात कोणाच्या ध्यानात आले असेल, तर ते या बावीस-तेवीस वर्षांच्या राजाच्या.

वेदोक्ताचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नान करताना महाराजांच्या लक्षात आले की त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हटलेच जात नाहीत, पुराणोक्त म्हटले जातात, कारण पुरोहिताच्या लेखी ते शूद्र होते. पुरोहित दरबारचे इनाम खाणारा. प्रकरण वर्षानुवर्षे चालले, इनाम जप्त झाले, वर्तमानपत्रांत वाद पेटला, पुण्याहून लोकमान्य टिळकांसारखे मोठे लोक महाराजांच्या विरोधात उभे राहिले. यातून महाराजांनी काय घेतले ते महत्त्वाचे. राजवाड्यातल्या माणसाला जर नदीकाठी कमी लेखले जाते, तर ज्याच्यामागे फौज नाही, खजिना नाही, त्याचे कचेरीत, पाणवठ्यावर, शाळेत काय होत असेल? अपमान झालेला सत्ताधीश बहुधा आणखी कठोर होतो. महाराजांना तो अपमान खालच्या माणसाची खूण पटवून गेला. अर्थात रागही होताच, आणि तो लपून राहिला नाही.

२६ जुलै १९०२. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या दिवशी कोल्हापूरच्या गॅझेटात एक हुकूम छापून आला. संस्थानात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. मागासलेले कोण? तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे मराठा, जैन, लिंगायत, महार, मांग, धनगर यांच्याबरोबर मुसलमानही त्यात आले. कोणाच्या दारावर धर्माची पाटी बघून हा हिशेब केलेला नव्हता.

या हुकुमाची चर्चा होते तेव्हा पन्नास टक्क्यांच्या आकड्यावर सगळे थांबतात. सांगलीच्या वकिलांची आणि हरभऱ्यावर सोडलेल्या घोड्यांची गोष्ट सांगितली जाते. धष्टपुष्ट घोडे लाथा झाडून सगळे खाऊन टाकतात आणि लंगडी-अशक्त शिंगरे बाजूला उभी राहतात, म्हणून त्यांचा चारा वेगळा ठेवावा लागतो, अशी ती गोष्ट. चांगली आहे, आणि भाषणांत घासून घासून गुळगुळीत झाली आहे. पण हुकुमाचा खरा कणा पुढच्या दोन कलमांत आहे. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथली पुढची जागा त्यांच्यातूनच भरायची. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करायचा.

कारभार चालवलेल्या माणसालाच या तिमाही तक्त्याचे मोल कळेल. भल्या इच्छेचे हुकूम खूप निघतात. ते फायलीत लागतात, त्यावर शिक्का बसतो आणि खालची माणसे पूर्वीसारखीच वागत राहतात. वरच्याने विचारायचे सोडले की हुकूम मेला. महाराज विचारत राहिले. १९१२ पर्यंत प्रशासनातल्या ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते. म्हणजे दहा वर्षांत चित्र उलटले, पण कोणाला हाकलून नव्हे. रिकाम्या होणाऱ्या जागा भरत भरत.

लायक माणसे आणायची कुठून, ही तक्रार खातेप्रमुख करणारच होते, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. त्यावरचा उपाय महाराजांनी हुकुमाच्या आधीपासूनच सुरू केला होता. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ, पुढे भारतीय ख्रिस्ती आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातून आलेल्या मुलाला कोल्हापुरात डोके टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तर तो शिकतो, इतका साधा हिशेब होता.

मुसलमानांच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी होती. समाजच शिक्षणाबद्दल उदासीन. महाराजांनी पुढारी मंडळींना बोलावून सांगून पाहिले, पण कोणी पाऊल उचलेना. तेव्हा त्यांनी आधी काही मुसलमान मुलांना मराठा बोर्डिंगातच ठेवून घेतले. अखेर १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. दुसऱ्या कोणत्याही समाजाच्या बोर्डिंगात त्यांनी आश्रयदात्याची जागा घेतली, इथे मात्र थेट कारभाऱ्याची. ज्या घरात कर्ता माणूस नाही तिथे थोरल्या शेजाऱ्याने जबाबदारी घ्यावी, तसे हे झाले. दसरा चौकातली ती मुस्लिम बोर्डिंगची वास्तू सर्वांना माहीत आहे. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणूनही त्यांनी दरबारातून आर्थिक आधार दिला. इथला मुसलमान मराठी बोलतो, त्याला आपला धर्मग्रंथ समजेल अशा भाषेत वाचता यावा आणि शेजारच्या हिंदूलाही तो कळावा, हे त्यामागचे साधे कारण. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा घरात नांदणाऱ्यांना आजही यातली दूरदृष्टी पटेल.

त्यांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ गायक होते. कोल्हापूर हे जयपूर-अत्रौली गायकीचे माहेर झाले ते त्यामुळे. फासेपारध्यांसारख्या जमातींना इंग्रजी कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते आणि त्यांना रोज पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. महाराजांनी १९१८ साली ती हजेरी बंद केली, आणि त्याआधीपासून त्यांच्यातल्याच माणसांना पहाऱ्यावर ठेवले. ज्यांच्यापासून घर सांभाळायचे असे जग म्हणे, त्यांच्याच हाती राजाने आपले घर सोपवले. अमानत हा शब्द असा उलट बाजूनेही लागू पडतो. कधी कधी वरच्यानेही खालच्याकडे काही ठेवून बघावे लागते.

त्याच १९१८ साली महाराज मुंबईत परळला कामगारांच्या सभेपुढे बोलले. राजाने गिरणी कामगारांपुढे काय बोलावे? इंग्लंडमध्ये कामगारांनी संघटना बांधून आपले हक्क कसे मिळवले ते त्यांनी सांगितले आणि तुम्हीही तसे एकत्र या असा सल्ला दिला. हे बोलणारा माणूस स्वतः गिरणी उभारणारा होता. कोल्हापुरातली शाहू मिल १९०६ ची. इकडे इचलकरंजीत त्याच्या दोन वर्षे आधी, १९०४ साली, विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला होता आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगाला हात दिला होता. इचलकरंजीची जहागीर कोल्हापूरच्या आधिपत्याखालची. जहागिरीच्या आणि दरबारच्या अधिकारांवरून कुरबुरी होत. तरी दोन्ही ठिकाणी सूत आणि कापड यांवर पुढचे शहर उभे राहणार हे ओळखणारी माणसे एकाच वेळी होती, हा या भागाचा नशीबवान योग म्हणायचा.

१९१९ च्या जानेवारीत निघालेला एक हुकूम वाचला की आजच्या एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ खात्यानेही मान खाली घालावी. महसूल, न्याय आणि इतर खात्यांतल्या सर्व अधिकाऱ्यांना कळवले गेले की अस्पृश्य वर्गातून नोकरीत येणाऱ्यांना प्रेमाने आणि बरोबरीने वागवायचे. ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत तसे कळवून राजीनामा द्यावा. त्याला पेन्शन मिळणार नाही. शाळांना आणि दवाखान्यांना याच अर्थाचे हुकूम गेले. त्याआधी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमायला सुरुवात झाली होती आणि त्या जागांवर शिकवून तयार केलेले महार तरुणही बसले. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या चावडीच्या बाहेर उभे राहायचे, तो चावडीत बसून सातबाऱ्याचे दप्तर लिहू लागला. महार वतन आणि वेठबिगार यांवरही हुकूम निघाले. बिनपगारी राबवून घेणे हा कामाच्या जागी होणारा सर्वांत जुना अन्याय, आणि तो सरकारी अधिकारीच सर्वांत जास्त करत. गावात साहेब आला की त्याचे सामान उचलायला माणसे धरायची.

पण पेन्शन बंद करून माणसाचे मन बदलत नाही. हे महाराजांना कुठे कळले असेल तर आपल्याच पागेत.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत घोड्यांच्या चाकरीला होते. एकदा महाराज बाहेरगावी असताना त्यांनी मराठा नोकरांसाठी असलेल्या हौदाच्या पाण्याला हात लावला. त्यावरून बरोबरच्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. ध्यानात घ्यावे, हे कुठल्या दूरच्या खेड्यात घडले नाही. पन्नास टक्क्यांचा हुकूम काढणाऱ्या, बोर्डिंगे उघडणाऱ्या राजाच्या स्वतःच्या घरात, त्याच्या पगारावरच्या माणसांनी, त्याची पाठ फिरताच हे केले. महाराज परतल्यावर सोनतळीच्या छावणीवर गंगाराम आपल्या सोबत्यांसह जाऊन उभे राहिले आणि पाठीवरचे वळ दाखवले.

महाराज संतापले. मारणाऱ्याला त्यांनी स्वतः हंटरने फोडून काढले. ही बाजू गोड करून सांगण्यात अर्थ नाही. धन्याने चाकराला चाबकाने मारणे हा न्याय नव्हता, त्या काळातही पुष्कळांना तो तसा वाटला नसता. महाराज तापट होते, आणि संस्थानिकाच्या हातात असलेल्या अमर्याद ताकदीचा तो वापर होता. त्यांच्या कारकिर्दीत अशा आणखीही जागा दाखवता येतात. इंग्रज रेसिडेंटची मर्जी राखताना त्यांनी संस्थानातल्या क्रांतिकारी तरुणांवर कारवाई होऊ दिली, हे टीकाकार विसरत नाहीत, आणि त्यांनी विसरूही नये. आजच्या पूजेच्या हारांखाली हा माणूस हरवू नये.

हंटर खाली ठेवल्यावर जे केले त्यासाठी मात्र महाराजांचे नाव घ्यावे. गंगारामांना पुन्हा त्याच पागेत, त्याच माणसांत पाठवून काय होणार हे त्यांनी ओळखले. मारणारे गप्प बसतील, पण नजरा तशाच राहतील. महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढ म्हणून मदत दिली. कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांनी चहाचे दुकान थाटले. नाव सत्यसुधारक हॉटेल. दुकान स्वच्छ, चहा चांगला, जागा रहदारीची. आणि गिऱ्हाईक एकही नाही. महाराने केलेला चहा प्यायचा कोणी? रस्त्यावरून जाणारे बघत आणि पुढच्या दुकानात शिरत.

इथे हुकूम काढता आला असता का? काढता आला असता. अमक्या दुकानात चहा प्यावा असा कायदा करायला राजाला कोण अडवणार? पण बाहेर प्यायलेला चहा घरी गेल्यावर लोक चूळ भरून थुंकून टाकतात. महाराजांनी वेगळे केले. आपली घोडागाडी, जिला कोल्हापूरकर खडखडा म्हणत, ती स्वतः हाकत ते गंगारामांच्या दुकानापुढे येऊन थांबू लागले. भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चहा मागवायचा आणि तिथेच बसून प्यायचा. बरोबर दरबारी असत, ब्राह्मण असत, मराठे सरदार असत. राजा पितो म्हटल्यावर त्यांच्यापुढेही कप येई, आणि तो हातात घेतल्यावाचून गत्यंतर नसे. पहिल्या दिवशी किती जणांच्या घशाखाली तो चहा उतरला असेल, कोण जाणे. पण महाराज एकदाच आले नाहीत. ते येत राहिले. तिमाही तक्ता मागणारा हाच तो माणूस. हळूहळू दुकानापुढे गर्दी होऊ लागली. कोणी महाराजांना बघायला यायचे, कोणी त्यांच्या नजरेत यायला, आणि यथावकाश काही जण नुसते चहा प्यायला येऊ लागले. पुढे त्या दुकानात सोडावॉटरचे यंत्रही आले.

ज्या माणसाच्या एका सहीने नोकऱ्या मिळत आणि जात, त्याने रस्त्याच्या कडेला बसून चहाचा कप तोंडाला लावण्यात काय धोका पत्करला होता? आज वाचताना फारसा दिसत नाही. तेव्हा तो होता. जातभाई, सोयरे, इतर संस्थानिक, इंग्रज अधिकारी, सनातनी वर्तमानपत्रे या सगळ्यांसमोर त्यांनी स्वतःचे सोवळे सोडले होते, आणि ते त्यांना इतर कोणाकडून करून घेता आले नसते. खालच्या माणसांना बरोबरीने वागवा असा हुकूम काढणाऱ्या वरिष्ठाने स्वतः त्यांच्याबरोबर डबा कधी उघडला, हे कुठल्याही कचेरीत शिपायांना बरोबर माहीत असते.

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला, म्हणजे इचलकरंजीकरांच्या अगदी शेजारी, अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराज तिथे गेले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. वीस-पंचवीस वर्षे ज्यांचा आधार आपण होतो, त्यांच्यासमोर उभे राहून आता याच्याकडे बघा, माझ्याकडे नको, असे सांगणे सोपे नसते. संस्था चालवणाऱ्या लोकांना विचारा. खुर्ची सोडणे जमते, लोकांच्या मनातली जागा दुसऱ्याला देणे फार थोड्यांना जमते.

त्यानंतर महाराज फार जगले नाहीत. धाकटे पुत्र शिवाजी शिकारीत अपघाताने गेले होते, तो घाव खोल होता. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने त्यांना राजर्षी ही पदवी दिली तेव्हा ते पंचेचाळिशीचेही नव्हते. ६ मे १९२२ रोजी पहाटे मुंबईत खेतवाडीच्या पन्हाळा लॉजमध्ये त्यांनी देह ठेवला. वय सत्तेचाळीस. हिजरी कालगणनेने ते १३४० साल होते आणि महिना रमजान, त्यातले पहिले दहा दिवस, ज्यांना रहमतचे म्हणजे दयेचे दिवस मानतात. कोल्हापुरात बातमी पोहोचली तेव्हा मुसलमान वस्त्यांत रोजे चालू होते. ज्यांच्या बोर्डिंगाचा कारभार महाराजांनी स्वतः पाहिला होता, त्या मुलांनी त्या संध्याकाळी रोजा कसा सोडला असेल, याची कल्पनाच करावी.

उत्तरक्रिया झाली, पुत्र राजाराम महाराज गादीवर आले, दरबार पुन्हा आपल्या वाटेने चालू लागला. अल्लादिया खाँ कोल्हापूर सोडून मुंबईला गेले. स्मारके, पुतळे, विद्यापीठांतली अध्यासने, जयंतीच्या मिरवणुका हे सगळे पुष्कळ नंतरचे. महाराजांचे पहिले स्मारक कोल्हापूरच्या नर्सरी बागेत उभे राहिले, ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी आपसांत वर्गणी काढून उभारले. त्यात पुढाकार होता भाऊसिंगजी रस्त्यावरच्या चहावाल्या गंगाराम कांबळे यांचा.

दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे आणि जवळच मुस्लिम बोर्डिंगचे पटांगण. येत्या ईदला सकाळी त्या पटांगणावर नमाजच्या सफा लागतील, आणि गळाभेटी आटोपल्या की माणसे त्याच चौकातून चहाच्या दुकानांकडे पांगतील.